पाकीट न उघडणारी बाई

ता. ६ जानेवारी

चि. भिंगरीस,
आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.,

मी बोलते आहे आणि खालच्या मजल्यावरचे खटखटे उतरवून घेत आहेत. त्यांचं खरं नाव सगळा जिना विसरला. कोर्टात अडतीस वर्षं टाइप केलं म्हणून मी ठेवलेलं नावच आता त्यांच्या पत्रपेटीवर आहे. सवय अशी, की समोरचा बोलेल ते उतरवणारच. मी शिंकले तरी विचारतात, हे घ्यायचं का.

तुमच्या ऑफिसने बनवलेला खेळ पाहिला. त्यांनी संगणकावर खेळला, मी शेजारी खुर्ची टाकून बसले. त्यातला उजेड तुझा, असं तू सांगितलं होतंस. बाई गं, काय तो समुद्र! काय ते दीपगृह! खिडकीतून ऊन फरशीवर पडतं आणि त्यात धूळ तरंगते, तेव्हा मी सवयीने फडकं शोधायला उठले. खटखट्यांनी हाताला धरून बसवलं. त्यांच्या हातातली बाई मात्र सारखी भिंतीला धडकत होती. दीपगृह सांभाळणाऱ्या बाईचा एवढ्या वेळा कपाळमोक्ष झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. खेळ फार आवडला.

(आजींनी “फार आवडला” असं तीन वेळा सांगितलं. मी एकदाच घेतलं आहे. – खटखटे)

त्यांना मध्येमध्ये तोंड घालायची खोड आहे, लक्ष देऊ नकोस.

आणखी एक गंमत. जिने आयुष्यात कागदावर अंगठ्याशिवाय काही उमटवलं नाही, तिचे शब्द परवा चारचौघांत छापून आलेत. नऊशे लोकांनी पसंत केलेत म्हणे! शिंपीणबाईंनी जिन्यात थांबवून अभिनंदन केलं. काय बोलले आणि कुठे, ते तू आलीस की सांगेन. तोवर फुगून बसू दे.

जेवत जा वेळेवर. डोळ्यांना जप, ते आता आमच्या घरचे दागिने आहेत. माया आहे तेवढी राख, वाढली तर परत पाठवू नकोस.

तुझी,
आजी


ता. १९ जानेवारी

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.,

खटखटेकाका, हे तिला हळूहळू वाचून दाखवा.

आजी, तुला खेळ आवडला हे वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. हल्ली डबा तिथेच खाते. कॅन्टीनमध्ये जायची लाज वाटते.

लोकांची मतं आली आहेत. निम्मे म्हणतात, असा उजेड कुठे पाहिला नाही. एकाने तर अर्धा तास खेळ थांबवून नुसता समुद्र बघितला. निम्मे म्हणतात, चित्रं सुंदर, पण तीन तासांत आटपलं. हाताला काम नाही, नुसतं चालायचं आणि बघायचं. दोन्ही खरं आहे. तेवढं मी सोसलं असतं.

पण एक मत सगळीकडे फिरतंय. परवा बैठकीत आमच्या मुख्य बाईंनी ते भिंतीवर लावून मोठ्याने वाचलं: “डोळे जेवले, पोट उपाशी. चित्रांनी कुणाचं भागलंय? आणि ती बाई! पत्र हातात आलंय आणि उघडत नाही. बोटं काय भाड्याने दिली होती? ज्याने हा शेवट सुचवला, त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्याने पाकीट बंद ठेवलं.”

सगळे खो खो हसले. आजी, तो शेवट मी सुचवला होता. उजेडाचं काम करणाऱ्या मुलीने गोष्टीत नाक खुपसलं, आणि मुख्य बाईंनी माझ्या शब्दावर तो ठेवला. हसताना सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मीही हसले. त्या हसण्याचीच जास्त लाज वाटते. बोलणं असं वर्मी लागलं, जणू घरचंच कुणी बोलतंय.

महिनाअखेरीला राजीनामा देणार आहे. लिहून पिशवीत ठेवला आहे. आईबाबांना सांगू नकोस. फक्त तुला सांगते, कारण तू माझ्याशी खोटं बोलत नाहीस.

तुझ्या मायेची हक्कदार,
भिंगरी


ता. २५ जानेवारी

चि. भिंगरीस,
आजीचे आशीर्वाद, घ्यावेसे वाटले तर. वि. वि.,

हे पत्र तिसऱ्यांदा सांगते आहे. पहिल्या दोन वेळा मी पाल्हाळ लावला आणि खटखट्यांनी कागद ओढून काढला. म्हणाले, साक्षीदाराने मुद्द्यावर यावं.

ते मत माझं आहे.

तुझं पत्र वाचता वाचता खटखटे त्या ओळींपाशी थांबले. चष्मा काढून पुसत बसले. मी विचारलं, आता काय झालं, अक्षर लागत नाही का? ते म्हणाले, अक्षर लागतंय, तोच घोटाळा आहे.

खेळ संपला तेव्हा मी तोंडाला येईल ते बोलत सुटले होते. त्यांनी उतरवलं आणि विचारलं, लोक मतं लिहितात तिथे हे टाकू का. मला नको म्हणता आलं असतं. पण माझे शब्द छापून येणार म्हटल्यावर मी हुरळले. मग तुला पत्रात दुसरंच सांगितलं. तू म्हणतेस, आजी खोटं बोलत नाही. माझ्याच हाताने माझं थोबाड फुटलं बघ.

(आजींनी विचारलं होतं, भिंगरीला कळेल का. मी म्हणालो, तिथे लाखो लोक लिहितात, कोण कुणाला वाचतो. ही चूक माझी आहे. – खटखटे)

पण राग खेळ तीन तासांत संपला याचा नव्हता. पत्ता वर करून खेळातल्या बाईने ते पिवळं पाकीट बटणांच्या डब्यात ठेवलं, तेव्हाच मी ओळखलं. ते माझं आहे. तू सात वर्षांची असताना माझ्या बटणांच्या डब्यात हात घातलास, पाकीट काढून विचारलंस, आजी हे उघडलं का नाहीस. मी तुझ्या हातातून हिसकावलं आणि तुला चापट मारली. तुझ्यावर उगारलेला माझा तो एकच हात. तू विसरली असशील असं वाटलं होतं.

ते माझ्या थोरल्या बहिणीचं. ती शाळेत गेली, मी घरी पाळणा हलवायला राहिले. लहानपणी मी रागाने दार लोटलं आणि तिची डावी करंगळी सापडली. ती आत वळून चिकटली ती कायमची. पण तिने आईला माझं नाव सांगितलं नाही. पुढे माझ्या सासरच्या माणसांत ती एकदा हसत म्हणाली, की आमच्या धाकटीला सहीसुद्धा येत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकरा वर्षं बोलले नाही.

मग ते पाकीट आलं, तिचं आहे असं पोस्टमनने सांगितलं. मला वाटलं, वाचता येत नाही हे ठाऊक असून पत्र धाडते, म्हणजे हा पुन्हा टोमणाच. कुणाला वाचायला देणार? जो वाचेल त्याच्यापुढे आमची लक्तरं. उद्या बघू, परवा बघू. नवव्या दिवशी ती गेल्याची खबर आली. आजारी होती, मला माहीत नव्हतं. आत “ये” असं लिहिलेलं असलं तर? म्हणून बत्तीस वर्षं हात लावला नाही.

तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतं ते माझ्याजवळ, तुझ्याजवळ नव्हे. भेकड मी, आणि टाळ्या घेतल्या तुला बोल लावून. नोकरी सोडू नकोस गं. रागाव, पण सोडू नकोस.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

आजी


ता. ३ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.,

दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. दोन्ही वेळा तूच जिंकलीस, म्हणून लिहायला बसले.

चापट मी विसरले नव्हते. तुझं पाकीट मी न विचारता उचललं आणि लाखो लोकांसमोर ठेवलं, हे मी तुला कधीच सांगितलं नव्हतं. तेव्हा लाज दोघींची सारखीच. आणि तुझं मत खोटं नव्हतं. आत काय आहे ते मला माहीत नव्हतं. त्या अडचणीवर मी सुंदर संध्याकाळ पसरली आणि तिला शेवट म्हटलं.

राजीनामा अजून पिशवीतच आहे. मुख्य बाई बाहेरगावी आहेत, सोमवारी येतील. आपण सौदा करू. तू पाकीट उघड, मी राजीनामा फाडते. आत काहीही असो. वाचायला काका आहेत, पण उघडायचं तू.

वाट बघते. माया आटली नाही, जरा खळाळली एवढंच.

तुझी,
भिंगरी


ता. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.,

उघडलं. सकाळी खटखट्यांना बोलावलं, त्यांनी चष्मा पुसला, न्यायाधीशासमोर बसावं तसे ताठ बसले. कात्री मी चालवली. पाकिटाचा कोपरा वाकडातिकडा कापला गेला. कागद त्यांच्याकडे दिला आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

त्यांनी घडी उलगडली. कागद उलटा केला, सुलटा केला, खिडकीशी नेला. मग म्हणाले, आजी, यात वाचण्यासारखं काही नाही. एक अक्षर नाही. तुम्हीच बघा.

कागदावर हात ठेवून भोवती पेन्सिल फिरवली होती. डावा पंजा. चार बोटं सरळ, आणि करंगळी आत वळून चिकटलेली.

भिंगरे, तिला ठाऊक होतं. मला अक्षर येत नाही, म्हणून तिने अक्षर लिहिलंच नाही. वाचता येणार नाही म्हणून जे मी बत्तीस वर्षं बंद ठेवलं, ते सगळ्या जगात फक्त मलाच वाचता येत होतं. आणि ती नऊ दिवस दाराकडे बघत पडली असेल. याला आता औषध नाही. ही लाज माझ्याबरोबरच जाईल.

मी हात त्यावर ठेवला. तिचा पंजा माझ्यापेक्षा लहान निघाला. थोरली असून.

चित्रांनी कुणाचं भागलंय, असं मी जगाला विचारलं होतं. ते खोडा म्हटलं, तर खटखटे म्हणाले, दिलेली साक्ष खोडता येत नाही, पुरवणी जोडता येते. म्हणून खाली जोडलंय: “वरचं मत देणाऱ्या बाईने स्वतःचं पाकीट आज उघडलं. भागलं. खेळ तरीही आखूड आहे.”

आता तू राजीनामा फाड. तुकडे पाठव, मी मोजणार आहे.

सोबत दुसरा कागद आहे. त्याला खटखट्यांचा हात लागलेला नाही, तो मी स्वतः लिहिला. पेन्सिल संधिवाताच्या गाठींवर अडखळली आहे, ते शुद्धलेखनाचे दोष समज. तुझा हात त्यावर ठेवून बघ, आणि काय वाचलंस ते कुणाला सांगू नकोस.

तुझी,
आजी