उकिरड्याचं विरजण

पारोळा
३ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
नवलचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं हं हं करतो म्हणून पत्रच लिही म्हणालीस, तर घे. शेजारच्या जीवराम नानांनी आपल्या गोठ्याच्या वासाची तक्रार ग्रामपंचायतीत दिली. महिनाअखेर पंच बघायला येणार. वास आला तर बाराही म्हशी नाल्यापलीकडच्या शेतात न्यायच्या. आई म्हणते, म्हशी जातील तिथे माझी खाट जाईल. पंचाहत्तरीत तिला शेतात एकटी ठेवू का?

तू सांगितलंस तसं केलं. शेणमुताची टाकी झाकली. आतली हवा पंख्याने ओढून भोकाभोकांच्या पाइपात सोडली. पाइपावर कमरेइतका थर, नारळाच्या शेंड्या, कापसाच्या पऱ्हाटीचे तुकडे आणि जुनं शेणखत. आईने विचारलं, शेनना वास उकिरडा खाई का रे? आता तूच सांग तिला.

लोभ आहेच, सध्या वासासकट सांभाळून घे.
नवल

पिंप्राळा, जळगाव
७ फेब्रुवारी

चि. नवल यास अ. उ. आ.

वास उकिरडा खात नाही रे, त्यातले जिवाणू खातात. आईला सांग, हे विरजण आहे. लागायला दोन आठवडे घेईल. थर ओला ठेवा, वर दुसरं काही पडू देऊ नका. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली, एवढं मला कळतं. हे आईला वाचून दाखव, नेहमीसारखं अर्धं पत्र गिळू नकोस.

म्हशींना आणि तुला सारखाच आशीर्वाद.
चारुलता

पारोळा
१ मार्च

ती. अक्कास शि. सा. न.

गिळलंच. विरजणाचं आईला सांगायचं राहिलं. वीस तारखेपर्यंत वास इतका उतरला की नाना अंगणात जेवायला बसू लागले. पंच यायच्या दोन दिवस आधी आईने अंगण धुतलं, आणि पाहुण्यांना चांगला वास यावा म्हणून फिनाइलच्या दोन बाटल्या त्या थरावर ओतल्या. फिनाइलने जिवाणू मारले, शेणाचा वास परतला, आणि पंच आले ते नाकाला रुमाल लावून. सोमवारपर्यंत म्हशी हलवा म्हणाले.

मी आईवर ओरडलो, मग विरजणाचं सांगितलं. ती जेवली नाही. चूक माझी होती, अक्का, फार वाईट वाटलं.

सकाळी ती घमेलं घेऊन नानांच्या दारात गेली. तक्रारीपासून त्यांच्याशी बोलत नव्हती. म्हणाली, आमचं विरजण मेलं, तुमच्या उकिरड्यातलं थोडं द्या. विरजण मागायला आलेल्याला रिकामं कोण पाठवतं? नानांनी स्वतः घमेलं भरून दिलं. आम्ही फिनाइलचा थर काढून नवा भरला.

नाना पंचांना सांगून आले, पाडव्यानंतर या. तोवर वास आला तर तो माझ्या उकिरड्याचा समजा.

आईने तुला दही खायला बोलावलंय, लोभ घेऊनच ये.
नवल