बाहेरून ठोकलेली पट्टी

३ जून
आले एकदाची. धाकटीने दारातच मिठी मारली आणि सामान पाहून म्हणाली की अख्खं वसतिगृह उचलून आणलंस की काय. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून जन्म काढला. क्वार्टर सोडताना रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. आई गेल्यावर हिला मीच वाढवली. मेहुणे गेल्यापासून हिला घर खायला उठतं, म्हणून आग्रहाने बोलावलंन.

वरची खोली मला दिली. इतकी वर्षं ट्रंका ठेवायला होती म्हणे. भरपूर उजेड, एकच मोठी, न उघडणारी खिडकी. तिची काच तेवढी फुटली आहे.

५ जून
काचवाला आला. तोंडाची टकळी अखंड, पण हात साफ. मात्र काच अडवणारी लाकडी पट्टी त्याने शिडीवर चढून बाहेरून ठोकली. मी त्याला फैलावर घेतलं. वसतिगृहात रग्गड काचा बसवून घेतल्या आहेत. पट्टी आतून असते, नाहीतर कोणीही बाहेरून खिळे उपसून काच काढील. तो म्हणाला, धाकट्या ताईंनी असंच सांगितलंय. धाकटी हसली. म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं, आता तू आलीस, तूच बघ. बरं वाटलं.

९ जून
सकाळी चहा पिऊन वर येते तो काच फुटलेली. पोरांचा चेंडू असणार म्हणून कान उपटायला खाली गेले. रस्ता मोकळा. आणि तुकडे सगळे बाहेर, खिडकीखालच्या फरशीवर. चेंडू लागला तर काच खोलीत पडते. ही आतून फुटली होती. धाकटी म्हणाली, वारा. मी काही कालची मुलगी नाही.

१० जून
काचवाला पुन्हा आला. बोलता बोलता म्हणाला की आधीच्या ताई होत्या तेव्हाही हीच काच फुटायची. कुठल्या ताई, म्हणून विचारलं. टकळी बंद. काचेच्या कडेला भरायची पुट्टी मळत बसला.

धाकटीकडून वदवून घेतलं. तिची नणंद. याच खोलीत राहायची, याच खोलीत वारली. ट्रंका वगैरे काही नव्हतं. सांगितलं असतं तर तू आली नसतीस, म्हणाली. असेल. पण खोटं, आणि तेही माझ्याशी?

१२ जून
पुट्टी अजून ओली आहे. आतल्या कडेने बोटं उमटली आहेत. लांब, सडपातळ. माझी आखूड, लावून पाहिली. दुपारी आणखी होती. कडेकडेने, फट शोधल्यासारखी.

१३ जून
दुसरी खोली मागितली. धाकटी भाजी चिरत राहिली. मग मान वर न करताच म्हणाली, "वर कोणी असलं की ती खाली येत नाही, ताई. मी एकटीने किती सोसायचं?"

हिच्या गोवरात मी उशाशी बसून —
बॅग भरली आहे. उद्या सकाळची गाडी.

१४ जून
दाराला बाहेरून कडी. हाका मारल्या. धाकटी जिन्यातच आहे, श्वास ऐकू येतो. ओ देत नाही.

काच फुटली. माझ्यादेखत. कोणी दिसलं नाही — पण वाट झाली. कोणीतरी ऐकेल —

शिडी लागली. काचवालाच. आत तारेची जाळी असलेली जाड काच घेऊन. मला उतरू दे म्हटलं. धाकटी खाली शिडी धरून त्याला सांगतेय, ताईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, उडी टाकतील. तो म्हणाला, "आधीच्या ताईंसारखंच."

म्हणजे तिलाही —
पट्टी चोरासाठी नव्हती. आतल्या माणसासाठी होती.

ठोकतोय. काचेवर आपटून आपटून थकले, खाली बसले. आपटणं चालूच आहे. माझे दोन्ही हात या वहीवर —

शेवटचा खिळा. आपटणं थांबलं. तिलाही कळलं, आता इथून वाट नाही. ती वळून माझ्या —