दुसरा चमचा

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मोठ्या टाकीसमोर उभी राहिले की मी आधी डावीकडे बघते. तिथे तुम्ही असायचात, चष्मा कपाळावर, हातात स्टीलचा चमचा. अंबरनाथ एमआयडीसीतलं आपलं युनिट अजून तसंच आहे. पत्रा अजून गळतो. चहा अजून पाणचट. तुमचा नियमही अजून चालू आहे: बॅच दोघांनी चाखल्याशिवाय खाली उतरायची नाही. "एकट्याची जीभ लाडावते," म्हणायचात.

कॅम्प दोनचा सिंधी फरसाणवाला शेठ आठवतो ना? त्याला शेव खवट होऊ नये म्हणून काहीतरी हवं होतं, पण केमिकल नको. तुम्ही सोयाच्या पेंडीतलं प्रथिन एन्झाइमने कापायला घेतलंत. ते बारीक तुकडे तेलाला खवट होऊ देत नाहीत. फ्लास्कमध्ये काय सुरेख जमलं होतं! शेठ शेव चघळत म्हणाला, "साईं, टिकते तर मस्त. पण कडू लागली तर माझा धंदा बसला ना!" आणि मोठ्या टाकीत नेलं की नेमकी कडूच. तुम्ही चमचा तोंडात घालता, तोंड वाकडं करता. "थू! कारलं आहे, कारलं!" मग मी चाखते, आणि खरंच कारलं. आपण पेंड बदलली, एन्झाइम बदललं, एकमेकांवर चिडलो. तुमच्या तोंडून फक्त एकदा "चालेल" ऐकायचं होतं मला. त्याच्या वरचं कौतुक तुमच्याकडे नव्हतंच.

मग तुम्ही बदलापूरच्या दवाखान्यात. मी भेटायला आले, तर नाकात नळी असताना विचारता, "आजची कशी?" म्हटलं, "कडू." "मग इथे काय करतेस, बाई?" एवढंच. मी रागाने उठून आले. तेच आपलं शेवटचं बोलणं, सर. दुसरं काहीतरी बोलायला काय झालं होतं तुम्हाला?

तुमच्यानंतर एका दुपारी टाकी तापायची वाट बघत बसले होते. बोलायला कोणी नाही, म्हणून नुसता काटा बघत होते. केवढा रेंगाळत चढत होता तो! फ्लास्क आपण उकळत्या पाण्यात बुडवायचो, एन्झाइम तिथल्या तिथे मरायचं. इथे टाकी सावकाश तापते, आणि तोवर ते कापतच राहतं, नको तितकं, म्हणून कडू. हात्तिच्या! पुढच्या बॅचला टाकी तापवायची वाफ बरीच आधी सोडली. उरलेलं कापणं टाकी तापता तापता झालं.

चाखलं. कडू नव्हतं. मोठ्याने हाक मारली, "सर!" पंपावरचा माणूस दचकून बघायला लागला. शेठची शेव टिकली, ऑर्डर आली, मालकांनी पेढे वाटले.

आता युनिटमध्ये चाखणारी मी एकटीच. नवीन मुलांना मीटरवर भरवसा, चमच्याची किळस. म्हणून दोन चमचे भरते. पहिला माझा. दुसराही मीच चाखते, आणि आजूबाजूला कोणी नसलं तर तुमच्यासारखं तोंड वाकडं करून बघते. परवाही दुसरा चमचा चाखून तुमच्या आवाजात "चालेल" म्हणायला गेले. नाही म्हणता आलं, सर. आजवर एकदाही नाही.