भिंतीवरची वेल

१९ ऑक्टोबर १९५८
आले एकदाची! माणच्या पलीकडची ही वाडी लहान, पण दवाखान्याची खोली नवीकोरी. चुन्याचा वास अजून जात नाही. दारातून आंबेमोहराची खाचरं दिसतात, कापणीला आलेली. शेजारच्या तुळजाबाईंनी पिठलं-भाकरी आणली आणि हसत विचारलं, नर्सबाईंना एकटीला भ्या न्हाई का वाटत. पाटील हैबतराव स्वतः येऊन खिडकीला कडी बसवून गेले. भली माणसं आहेत.

२७ ऑक्टोबर
धनगरांच्या कोंडाबाईची मुलगी आज माझ्या मांडीवर गेली. उतारावर शेळ्यांमागे फिरताना तिनं कसलंसं मूळ चघळलं. आधी ओठ बधिर झाले, मग बोटं, मग श्वास. मुळाचं नाव विचारलं तर सगळ्यांनी माना फिरवल्या. हैबतराव म्हणाले, "बाई, ते नाव आमच्या आज्यांनी गिळलंय. तुमी उकरू नका." फार पूर्वी त्या मुळानं इथं घराघरांत खून पडले होते, जावांनी जावांना मारलं, भावांनी भावांना. तेव्हापासून ती वेल कुणी पोरांना दाखवत नाही. मी म्हटलं, दाखवली असती तर ही पोर वाचली असती. तुळजाबाई म्हणाल्या, एक पोर गेली, वाडी तर राहिली. मला त्यांची शिसारी आली.

३० ऑक्टोबर
मुलीनं जिथं उकरलं होतं तिथं कोंडाबाई मला घेऊन गेली. वेल बघून आले आणि दवाखान्याच्या बाहेरच्या भिंतीवर रंगवली, पानं, मूळ, सगळं हुबेहूब. खाली ठळक लिहिलं: विष. नखाएवढा तुकडाही जीव घेतो. हैबतराव पुसायला सांगून गेले, पहिल्यांदाच चढ्या आवाजात. मी साफ नकार दिला. पोरांना अजाण ठेवून मरू द्यायचं, हा कसला शहाणपणा? दिवेलागणीपर्यंत भिंतीपुढे माणसं उभी होती.

६ नोव्हेंबर
उतारावर जागोजाग खड्डे. कोंडाबाई म्हणते, जनावरानं उकरलेले नाहीत. कुदळीचे आहेत.

९ नोव्हेंबर
तुळजाबाईंचा धाकटा मुलगा भिकू गेला. ओठ निळे. बांधावरून थोरल्या भावाशी भांडण चालू होतं. कुणी रडलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

१२ नोव्हेंबर
आणखी एक. खालच्या घरातली रत्नाबाई — पोटुशी होती. आता कुणी कुणाच्या हातचं खात नाही. आया आधी स्वतः चाखतात, मग पोरांना भरवतात. मी भिंतीला चुना फासला. काय उपयोग? वेल सगळ्यांना पाठ झाली आहे.

१४ नोव्हेंबर
निघाले होते. माणच्या वाटेवर हैबतराव आणि चार गडी — परत फिरवलं. मला सोडलं तर मी दुसऱ्या गावातही भिंत रंगवीन, असं हैबतराव म्हणाले. अंगाला हात लावला नाही. माझी पेटी मात्र उचलून दारात आणून ठेवली.

१५ नोव्हेंबर
चूल पेटवली नाही. पाणी स्वतः शेंदून आणते, तेवढंच.
दुपारी तुळजाबाई आल्या. केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "तुमी वाईट न्हाई, बाई. पर तुमास्नी गप बसता येत न्हाई." बाहेरून कुणी हाक मारली म्हणून मी दारापर्यंत गेले. बाहेर कोणीच नव्हतं. त्या डोळे पुसत निघून गेल्या.
नंतर पाणी प्यायले —

ओठ कळत नाहीत.
दाराला कडी बाहेरून — कोंडाबाईला हाक मारते, आवाज —
वेलीची ओळख लिहून ठेवते. पुढच्या पोरांसाठी. पान — नको. कुणाच्या हाती पडेल हे — पण ती पोर माझ्या मांडीवर — लिहितेच. पानाची मागची बाजू तांबूस, आणि देठाशी —