एफ अक्षराचा प्रोसेसर

३ फेब्रुवारी, मंगळवार

चौदा चुका! आणि त्या हिच्या हातून!

प्रकाशकाने प्रुफं परत पाठवली. एकतीस वर्षं ही घरी बसून लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढते — आधी कागदावर, गेली बारा वर्षं कॉम्प्युटरवर. लग्न ठरायच्या आधी मी हिला एक पत्र पाठवलं होतं. त्यात हिने तीन चुका काढून ते परत धाडलं. मी दुरुस्त करून पुन्हा पाठवलं, म्हणून लग्न झालं. अशी बाई. आणि चौदा!

विचारलं तर म्हणाली, "मशीन लटकतं हो. पान अर्धंच येतं."

दुपारी प्रकाशकाचा फोन. अगदी गोड. "बाई, आता विश्रांती घ्या की. खूप केलंत." केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. शेवटी एवढं कबूल केलं की महिनाअखेरपर्यंत करायला तीनशे पानांचं एक पुस्तक देतो, त्यात चुका राहिल्या तर मग बघू. 'मग बघू' म्हणजे काय ते मला कळतं. मीही नोकरी केली आहे.

फोन ठेवून ही स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. हे काम गेलं तर हिच्याजवळ काय उरणार? मी उरणार. मी काही फार नाही.

ठरलं. नवा कॉम्प्युटर घ्यायचा, महिनाअखेरच्या आत. आणि तो मी स्वतः जुळवणार.

५ फेब्रुवारी, गुरुवार

अभ्यास सुरू. शंभर पानी वही आणली. चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसमध्ये काढली, माणूस आत शिरेल एवढी मशीनं उघडून पुन्हा बसवली. प्रोसेसर तर बिस्किटाएवढा. त्याने मला काय शिकवावं?

बरंच शिकवतो आहे.

कोअर म्हणजे पंप, असं धरून चाललो. सहा कोअर म्हणजे सहा पंप. थ्रेड म्हणजे एका पंपाला दोन तोट्या. गिगाहर्ट्झ म्हणजे फेरे. कॅश म्हणजे हाताशी भरून ठेवलेली बादली, रॅम म्हणजे गच्चीवरची टाकी, डिस्क म्हणजे विहीर. इथपर्यंत सगळं पाण्यासारखं. मग कळलं की नव्या प्रोसेसरमध्ये काही कोअर कष्टाळू असतात आणि काही काटकसरी, आणि कुणाला कधी कामाला लावायचं ते तो स्वतःच ठरवतो. आमच्याकडे हे साहेब ठरवायचे, आणि चुकीचं ठरवायचे.

काहींत तर अक्कल वेगळी बसवलेली असते. तिचा एक निराळाच भाग. हिला सांगितलं. ही म्हणाली, "तुमच्यासाठी मिळते का सुटी?"

९ फेब्रुवारी, सोमवार

प्रोसेसरला पिढ्या असतात. चौदावी पिढी! मला माझ्या पणजोबांच्या वरचं नाव माहीत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

लेकीचा फोन. "बाबा, जुळवलेला तयार आणा. नाहीतर लॅपटॉप घ्या. कशाला उपद्व्याप?" म्हटलं, मी तयार जुळवलेला पंप कधी घेतला नाही. ती म्हणाली, "पंप नाहीये तो." तिला समजवण्यात अर्थ नाही, ती शिकलेली आहे.

मग म्हणाली, "आई हल्ली मेसेज लिहीत नाही, बोलूनच पाठवते. काय झालंय?"

हिला विचारलं. "दिवसभर तेच करते ना, कंटाळा येतो." पटलं. मी तरी कामावरून येऊन कुठे नळ दुरुस्त करायचो? हिने अकरा वर्षं आठवण केली तरी नाही केला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज दुकान पाहून आलो. दुकानात इतका गारठा की दुकानदाराचं नाव मी बर्फ ठेवलं आहे. बर्फ तसा सभ्य. माझी वही पाहून म्हणाला, "काका, एवढं तर आमची माणसं पण वाचत नाहीत." हे मी घरी आल्यावर दोनदा सांगितलं.

ग्राफिक्स कार्ड नको, हे पक्कं. गेम कोण खेळतंय? अक्षरं तर वाचायचीत. आणि नव्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोय आतच असते, असं वाचलं आहे. वहीत लाल पेनाने लिहिलं आहे.

मॉनिटरची दोन माहितीपत्रकं आणली. हिच्यापुढे धरली. एक चोवीस इंची, एक सत्तावीस. कुठला?

"तुम्ही म्हणाल तो."

छत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. तारीख वर आहेच.

१५ फेब्रुवारी, रविवार

वाद झाला. मी जरा चढ्या आवाजात बोललो, ही त्याहून.

मुद्दा कीबोर्डचा. आत्ताचा जो आहे त्याच्यावरची अक्षरं कधीच पुसली गेली आहेत. क कुठला आणि च कुठला, देव जाणे. मी चांगला दिवे लागणारा, मोठ्या ठसठशीत अक्षरांचा बघून ठेवला. ही म्हणाली, जुनाच हवा. म्हटलं, अगं, नव्याला जुनं ठिगळ कशाला? तर म्हणे, "माझ्या बोटांना सवय आहे. तुम्ही कॉम्प्युटर बदला, घर बदला, बोटं माझी आहेत."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "खरं सांगू का? सगळंच जुनं राहू दे. नका आणू काही."

इतका राग आला! दहा दिवस मी डोळे फोडून वाचतोय ते कोणासाठी? हिच्यासाठीच ना? जुन्यापुढे बसते तेव्हा नाक स्क्रीनला लागायचं तेवढं बाकी असतं, आणि तरी सारखी "लटकलं, लटकलं." मी म्हटलं, आता नवं आणतोच, मग लटकायचा प्रश्नच नाही, एकही चूक राहणार नाही!

यावर ही उठून आत गेली. मला वाटलं, जिंकलो.

१६ फेब्रुवारी, सोमवार

अबोला. दोन्ही बाजूंनी. भाजीत मीठ नाही, पण विचारणार कसं?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

खरेदी झाली.

प्रोसेसर निवडताना शेवटपर्यंत दोन उरले. नाव एकच, आकडा एकच, कोअर तेवढेच, फेरे तेवढेच. फक्त एकाच्या शेवटी एफ. आणि तोच थोडा स्वस्त. बर्फ दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता, त्याला विचारण्याजोगं काही नव्हतं. एफ म्हणजे फास्ट, दुसरं काय असणार? जलद असून स्वस्त — कुणाच्या तरी नजरेतून निसटलेलं असणार. माझ्या नाही निसटलं.

वस्तू बांधताना बर्फ म्हणाला, "कार्ड घरचंच लावणार ना, काका?"

मी म्हटलं, "हो."

कुठलं कार्ड ते विचारायला हवं होतं. पण ज्याच्या वहीचं एवढं कौतुक झालं, त्याने असं विचारायचं म्हणजे शोभत नाही. वायफायचं असावं बहुधा. आपलं वायरीचं आहे, आपल्याला लागत नाही.

कॅबिनेट साधं काळं हवं होतं. शिल्लक होतं ते रंगीत दिव्यांचं. चालू केलं की सर्कस. घेतलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

खोकी बैठकीत दाराजवळ ठेवली होती, नेहमीच्या वाटेत नाही, बाजूलाच. ही त्यांच्यावर धडपडली. गुडघा फुटला. आणि बोलणी कुणाला? मलाच! "भरदिवसा माणसाला दिसेल अशा जागी ठेवावं!" म्हटलं, अगं मदरबोर्डचं खोकं ताटाएवढं आहे, पिवळंजर्द, त्याहून जास्त दिसायचं म्हणजे त्याने काय शिट्टी मारावी?

मग स्वतःच रडली. गुडघा फार दुखत असावा. औषध लावून दिलं. अबोला संपला, हा त्यातला फायदा.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

तीनशे पानांचं पुस्तक आलं. आठ दिवसांत परत द्यायचं. हिने जुन्यावर पहिलं पान उघडलं आणि तासभर तेच उघडं ठेवलं. म्हटलं, लटकलं का? म्हणाली, "हो, लटकलंय."

परवा रविवार. परवा जुळवतो.

२२ फेब्रुवारी, रविवार, दुपार

झालं! चालू झाला!

सकाळी सातला बसलो. प्रोसेसर खाचेत ठेवताना श्वास धरला. दाब द्यायचा नाही, आपल्या वजनाने बसतो. त्यावर उष्णतेची पेस्ट वाटाण्याएवढी. मी जरा मोठा वाटाणा धरला. पंखा बसवला, टाकीच्या दोन पट्ट्या — म्हणजे रॅम — खटकन बसल्या. जुनी डिस्क तशीच लावली, हिचं सगळं काम तिच्यात आहे. कॅबिनेटच्या बारीक वायरी मदरबोर्डला जोडायला दीड तास गेला आणि तोंडातून जे शब्द गेले ते वहीत लिहिलेले नाहीत.

ही सगळा वेळ शेजारी बसून होती. कधी नव्हे ती. माझ्या हातात स्क्रू देत होती, बोटांनी चाचपून, लांब वेगळे, आखूड वेगळे. एकही चुकला नाही. मी म्हटलं, पंपहाउसवर तुझ्यासारखा एक माणूस असता तर! ही हसली. फार दिवसांनी.

साडेअकराला ही नव्या सत्तावीस इंचीसमोर बसली, पुढ्यात तो पुसक्या अक्षरांचा कीबोर्ड. मी टेबलाखाली, प्लगापाशी, पालथा. बटण दाबलं. पंखे फिरले! दिवे लागले!

"अय्या, दिवे छान आहेत हो," ही म्हणाली.

म्हटलं, दिवे राहू देत, स्क्रीनवर दिसतंय का?

खुर्ची पुढे सरकली. "हो. दिसतंय."

"अक्षरं मोठी आहेत?"

"भरपूर मोठी."

"आणि पान पुरं येतंय?"

"पुरं येतंय. छान दिसतंय हो सगळं."

काय सांगू! टेबलाखाली, कमरेत लचक, नाकात धूळ — आणि माझे डोळे भरून आले. निवृत्त झालो त्या दिवशीही आले नव्हते. आता हिचं काम कुणी काढून घेत नाही. आता बघतोच त्या प्रकाशकाकडे.

आणि मी बाहेर सरकायच्या आत वीज गेली! माझ्या कामाचं चीज मलाच बघायला मिळालं नाही. असो. हिने पाहिलं ना, मग मी पाहिल्यासारखंच.

अजून वीज नाही. ही आत पडली आहे. खिडकीपाशी बसून लिहितो आहे. बर्फाचा फोन येतोय —

तेच, पाऊण तासाने

बर्फ म्हणाला, "काका, कसं काय? कार्ड कुठलं लावलंत?"

आता काम फत्ते झालं होतं, तेव्हा विचारायला हरकत नव्हती. म्हटलं, कार्ड कसलं?

"ग्राफिक्स कार्ड. तुम्ही एफवाला नेलात ना? त्यात चित्र दाखवायची सोय नसते. कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच राहणार."

म्हटलं, राहिली नाही. चित्र आलं, अक्षरं आली, अख्खं पान आलं.

"तुम्ही पाहिलंत?"

"मी टेबलाखाली होतो. आमच्या हिने पाहिलं. एकतीस वर्षं लोकांच्या चुका काढतेय ती, तिची नजर कशाला चुकेल?"

बर्फ हळू आवाजात म्हणाला, "काका, तसं होऊच शकत नाही." आणि उद्या बदलून न्या म्हणाला.

वही काढली. लाल पेनाचं वाक्य पाहिलं. खाली आणखी एक ओळ होती, मीच लिहिलेली, पेन्सिलीने: 'काहींमध्ये'. सोय काहींमध्ये आतच असते.

माझी चूक. हे ठीक आहे. चूक दुरुस्त होते.

पण मग ही काय बघत होती?

पिवळंजर्द खोकं. तासभर उघडं पहिलं पान. 'तुम्ही म्हणाल तो.' तारीख सुद्धा लिहून ठेवली मी, शहाण्याने! लेकीला लांब राहून जे खटकलं ते मला एका घरात राहून खटकलं नाही. जुनं मशीन लटकत होतं की नाही, हे मी एकदाही स्वतः बसून बघितलं नाही.

वीज यायची वाट बघतो आहे. नाही आली तरी चालेल.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ

साडेपाचला आली.

ही माझ्या आधी खुर्चीत जाऊन बसली होती, ताठ, बोटं कीबोर्डवर. बटण मी दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. स्क्रीनवर 'नो सिग्नल' अशी एक ओळ आली आणि गेली. मग काळी कुळकुळीत.

मागे उभं राहून विचारलं, "दिसतंय का गं?"

"हो तर. अगदी स्वच्छ."

स्टूल ओढलं, शेजारी बसलो. म्हटलं, "मला काहीच दिसत नाहीये."

पंखे आवाज करत नाहीत असं बर्फ म्हणाला होता. करतात. हिने कीबोर्डवरची बोटं उचलून माझ्या हातावर ठेवली.

"मलाही," म्हणाली.