चार्ज दिला

१२ फेब्रुवारी, दुपारी चार

प्रिय अहो,

मी सुखरूप पोचले. प्रशिक्षण केंद्रातली खोली बरी आहे. पाणी चोवीस तास येतं, पण तुमच्या पाण्याची चव नाही. (हे वाचून कॉलर ताठ करू नका.) प्रेशरच्या गोळ्या डाव्या खणात आहेत. दूध अर्धा लिटरच घ्या. तुम्ही मजेत असालच, मी घरात नाही म्हणजे ओले टॉवेल कुठेही टाकायला मोकळे.

एवढं लांब पत्र मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहितेय. एकतीस वर्षं आपल्या चिठ्ठ्या चार ओळींच्या. लेक झाली तेव्हा तुम्ही जलशुद्धीकरण केंद्रात कायमची रात्रपाळी मागून घेतलीत. माझी हॉस्पिटलातली दिवसपाळी, म्हणजे पोरीजवळ कोणीतरी कायम. सकाळी तुम्ही आत, मी बाहेर. संध्याकाळी मी आत, तुम्ही बाहेर. मधल्या वीस मिनिटांत जे सांगायचं राहील ते फ्रीजवर. "ताप उतरला. औषध आठला. गणितावरून रडलीय, समजूत घाल. चार्ज दिला." पाळी सोपवताना नोंदवहीत असं लिहायची सवय तुमची, घरातही आलीच. खाली मी "घेतला" लिहून सही ठोकायची. पोर लग्न होऊन गेली, चिठ्ठीत गळका नळ आणि गॅसचा नंबर उरला, पण ते "चार्ज दिला" काही सुटलं नाही.

आता महिनाअखेर तुम्ही रिटायर, पुढच्या महिन्यात मी. तुम्ही आखलेलं वेळापत्रक बरोबर आणलंय. सहा वाजता चहा, दोघं. साडेसहा फिरणं, दोघं. अकरा ते बारा गप्पा, दोघं. अहो, गप्पांना कोणी वेळ लावून देतं का! खोलीतल्या दुसऱ्या सिस्टरना दाखवलं तर हसून हसून त्यांना ठसका लागला. मीही हसले. मग तोंड धुवायचं निमित्त करून आत गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

आता मुद्द्यावर येते. येणार आहे म्हणजे. आधी गेल्या महिन्याचं बोलू.

आपण आठवडाभर रजा काढली होती, तुमच्या भाषेत रंगीत तालीम. पहिल्याच दुपारी आडवं व्हायला गेलो आणि कळलं की दोघांचीही बाजू खिडकीकडचीच! एकतीस वर्षं एक पलंग, एक उशी, आणि भांडण म्हणून नाही, कारण एक झोपला की दुसरा ड्युटीवर. तुमच्या सुट्टीच्या रात्रीही तुम्हाला कुठली झोप, बाहेरच्या खोलीत रेडिओ लावून बसायचात. पोट धरून हसलो आपण. मग तुम्ही मुकाट्याने भिंतीकडे सरकलात. तुमचा डोळा लागला नाही हे मला माहीत आहे, कारण माझाही लागला नव्हता.

पण मनाला लागलं ते वेगळंच. तुम्ही स्वयंपाकघरातल्या एकुलत्या वेताच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले असायचात आणि मी आत पाऊल टाकलं की उठायचात. "बस तू, मी निघतोच आहे." कुठे निघताय? गुरुवारी तर चपला घालून फाटकापर्यंत गेलात आणि परत येऊन म्हणालात, "च्यायला, आज तर रजा!" तेव्हाही हसलो. तुमच्यावर माझा जीव आहे, ते सांगायला नको. पण तुमच्याबरोबर अख्खा दिवस कसा काढायचा हे मला येतच नाही हो. वीस मिनिटांची बायको म्हणून मी फार चांगली आहे. दिवसभराची झाले आणि तुम्हाला नकोशी झाले तर?

रजा संपली त्या सोमवारी मेट्रननी बोलावलं. नव्या नर्सना शिकवायला दोन वर्षं थांबाल का, म्हणाल्या. "घरी विचारते" म्हणायला तोंड उघडलं आणि "हो" म्हणून बसले. सहीसुद्धा केली. "जाता जाता एक प्रशिक्षण गळ्यात मारलंय" असं तुम्हाला सांगितलं ते खोटं. हे प्रशिक्षण त्या कामासाठीच आहे.

वीस तारखेपर्यंत नाव मागे घेता येतं. अठराला संध्याकाळी मी घरी येतेय.

तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही "बरं" म्हणून उठला असतात. म्हणून लिहिलं. रागवा, भांडा, पण गप्प बसू नका. वेळापत्रक पर्समध्येच आहे, अजून फाडलेलं नाही.

तुमचीच,
वीस मिनिटांची बायको


१५ फेब्रुवारी, सकाळ

बाईसाहेब,

पत्र मिळालं. नळ दुरुस्त केला. गोळ्या चालू आहेत. टॉवेल दांडीवर आहेत, येऊन बघ.

खोटं बोललीस त्याचा राग आला. दिवसभर होता, आज सकाळी उतरला.

शिकवायची हौस असेल तर खुशाल थांब दोन वर्षं, मी डबा भरून देईन. पण माझ्या धास्तीने थांबणार असशील तर नाव मागे घे. धास्ती मलाही आहे. दिवसभर तुझ्याशी काय बोलायचं ते सुचेना, म्हणून निदान वेळ तरी ठरवून ठेवली. तुला हसायला काय जातं!

पलंग ओढून आडवा फिरवला. आता खिडकी दोघांच्याही उशाशी येते. कंबर धरलीय, ते वेगळं.

आणखी एक खुर्ची आणली. तसल्या वेताची मिळाली नाही, लाकडी आहे. तिच्यावरच बसून लिहितोय. अठराला तू आत येशील तेव्हा मी उठणार नाही. उर्मटपणा समजू नकोस.

खाली नेहमीचं लिहायला हात गेला होता. लिहीत नाही. या वेळी चार्ज द्यायचा नाही.

बसलोय. ये.