मेंढरांमागची शाळा

येरमाळा, गुरुवार संध्याकाळ

आज भर सभेत एका बाईनं मला गप्प केलं आणि मी तिचा ऋणी आहे. असं कधी लिहीन वाटलं नव्हतं.

सरकारी शाळा ऑनलाइन भरवायला मुभा देणाऱ्या कायद्याविरुद्ध बोलत होतो. शाळेला भिंती हव्यात, मुलांना मुलं हवीत, पडदा म्हणजे गुरुजी नव्हे! टाळ्या पडत होत्या. ठरावावर सह्या घेणार, तेवढ्यात मेंढपाळाच्या घरची सखुबाई उठली.

"भाऊ, तुमी लई चांगलं बोलता. पर दिवाळी झाली की आमी मेंढरं घेऊन निघताव. पोरीचं नाव पटावर ऱ्हातंय अन् पोरगी माळावर. तुमची शाळा येती का आमच्या मागं?"

लोक हसले. मला हसू आलं नाही. शिक्षणावर एवढी पुस्तकं वाचली, त्यात हा प्रश्न दिसलाच नाही? की दिसला आणि मी पान उलटलं?

भिंतींवरचा विश्वास ढळलेला नाही. पण पोरगी माळावर... ते शब्द कानातून जात नाहीत. ठराव तिथंच फाडला, नवा लिहिला: गावची एकही शाळा बंद करू नका, आणि फिरत्या मुलांना ऑनलाइन वर्ग द्या. तिला वाचून दाखवला.

"अन् माळावर फोन चार्ज कुठं करायचा? ते बी लिहा की."

लिहिलं. वाटेवरच्या प्रत्येक शाळेत सोय हवी. मग पहिली सही तिची घेतली. माझी तिच्याखाली.